वर्षश्राद्धाचा मध

प्रमोदिनीबाईंनी चमच्यावरचा मध जिभेवर घेतला, एकदा घोळवला आणि तोंड वाकडं केलं. दुकानाची फरशी पांढरीशुभ्र होती म्हणून, नाहीतर तिथेच थुंकल्या असत्या. कमरेचा रुमाल काढून त्यात थुंकल्या.

"पाक आहे नुसता! साखरेचा पाक. आणि वर करपवलाय मेल्यांनी."

काउंटरवरची मुलगी हसतमुखच राहिली. "रॉ हनी, मॅडम. ऑरगॅनिक. लोकल."

"लोकल म्हणे! वाणी, विचार हिला, कुठल्या झाडाचा आहे?"

वाणी त्यांची सून. तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्म सगळा चेन्नईत गेलेला. सासूला अत्तै म्हणायची आणि गेले तीन दिवस ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून तिच्याबरोबर दुकानं पालथी घालत होती. तिने तमिळमध्ये विचारलं. मुलीने बाटली फिरवली, मागचा कागद वाचला आणि उत्तर दिलं.

"अत्तै, ती म्हणते सगळ्या फुलांचा आहे."

"सगळ्या फुलांचा! कपाळ तिचं. अगं, मधाला गाव असतं, झाड असतं, महिना असतो. ह्याला नुसतं झाकण आहे."

"अय्यो अत्तै, हळू बोला. लोक पाहतात."

"पाहू देत. पैसे देऊन पाक चाटतात, त्यांनी पाहायलाच पाहिजे."

हे बोलणं फुकटच्या तोऱ्याचं नव्हतं. प्रमोदिनीबाईंनी एकतीस वर्षं सरकारी मधखात्यात काढली होती. महाबळेश्वरच्या खालच्या खोऱ्यातली गावंच्या गावं त्यांनी पायी तुडवली, लोकांना मधपेट्या हाताळायला शिकवल्या, कितीदा चावून घेतलं त्याची मोजदाद नाही. जांभळाचा मध कुठला आणि हिरड्याचा कुठला हे त्या डोळे मिटून सांगत. अशा बाईला चेन्नईसारख्या एवढ्या मोठ्या शहरात एक चमचाभर खरा मध मिळू नये, याने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

चमचाभरच हवा होता. पुढच्या गुरुवारी त्यांच्या नवऱ्याचं, विद्याधरपंतांचं, वर्षश्राद्ध होतं. मुलगा मंदार करणार होता, वाणीच्या माहेरचे भटजी वेंकोबा सांगणार होते. पिंडावर घालायला मध लागतो. तो खरा असला पाहिजे, एवढीच बाईंची अट. बाकी ब्राह्मण किती, पक्वान्न कुठलं, हॉल घ्यायचा की घरीच, कशातही त्यांनी तोंड घातलं नव्हतं.

गावाहून मागवला नव्हता असं नाही. त्यांच्याबरोबर खात्यात असलेल्या संताजींनी आपल्या पेट्यांमधली बाटली कुरिअरने धाडली होती. दारात आलं ते मुंग्या लागलेलं, ओलं, चिकट खोकं, आत काचा. कुरिअरवाल्याने त्यावरही सही मागितली. बाईंनी त्याला जिन्यापर्यंत पळवत नेलं. संताजींना फोन केला तर ते बिचारे रडकुंडीला आले. यंदा जांभूळ फुललं तेव्हाच पाऊस कोसळला होता, तेवढीच एक बाटली शिल्लक होती.

"आई, एवढं काय त्यात," मंदार म्हणाला होता. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर; पहाटे कंपनीची बस, रात्री जेवण आणि झोप. "बाबांना काय कळणार आहे?"

"तुझ्या बाबांना कळतं, म्हणूनच!" बाई ओरडल्या, आणि तरातरा आत गेल्या. मंदारला वाटलं, आईचं डोकं उन्हाने तापलंय.

उन्हाने तापायला निमित्त होतंच. चेन्नईतला मे महिना, तिथली माणसं ज्याला कत्तिरि म्हणतात ते ऐन दिवस. तशा उन्हात वाणीला घेऊन बाई जॉर्ज टाउनला गेल्या, ठोक बाजारात. गल्लीत हातगाड्या, पोती, घाम. व्यापारी सभ्य होता, हिंदी बोलणारा. त्याने तीन पिंपं दाखवली आणि विचारलं, खायला हवा, औषधाला हवा, की पूजेला?

"म्हणजे? तीन वेगळे?"

"पूजेचा स्वस्त पडतो, अम्मा. तो कोण खातंय?"

बाईंनी पिंपाचं झाकण आपटलं. "म्हणजे देवाला आणि पितरांना खोटा, असं?"

"देव कुठे परत करायला येतो?" व्यापारी हसत म्हणाला.

त्यानंतर बाई हिंदीत जे बोलल्या ते वाणीने पुढे कोणालाही सांगितलं नाही. शेजारचा मिरचीवाला मात्र उठून उभा राहिला होता.

गिंडी स्टेशनबाहेर एक जण बादली घेऊन बसला होता. बादलीत काळा रस, त्यावर तरंगणारं पोळ्याचं ढलप आणि पाचपन्नास मेलेल्या माश्या. भोवती ऑफिसातली माणसं बाटल्या भरून घेत होती. बाईंनी बोट बुडवून चाखलं. गूळपाणी. त्यांनी ते ढलप उचललं आणि गर्दीला दाखवलं. "हे बघा, जुनं पोळं. काळं पडलंय. ह्यातून माश्या कधीच उठून गेल्या. ह्यात मध काय, मधाचा वासही नव्हता. आणि ह्या माश्या कुठून आणल्यास रे? झाडून गोळा केल्यास?" त्या मराठीतलं अक्षरही कोणाला कळलं नाही, पण आवाज सगळ्यांना कळला. बादलीवाला अंगावर धावून आला. वाणीने सासूला दंडाला धरून रिक्षात कोंबलं.

तिथून त्या मैलापूरला वेंकोबांकडे गेल्या. वेंकोबा सत्तरीचे, कपाळाला गंध, घराण्याची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. सगळी हकीगत ऐकून ते शांतपणे म्हणाले, "कशास इतकें कष्टतां, अम्मा? मध नाहीं तरि गूळ चालतो. शास्त्रांत सांगितलें आहे. ह्या ऊरांत, ह्या गांवांत, माझे अर्धे यजमान गूळच ठेवितात."

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. मी मधवाली बाई आहे. माझ्या नवऱ्याच्या पिंडावर गूळ?"

"सरि, सरि," वेंकोबा म्हणाले. "गुरुवारीं नऊ वाजतां येतों."

खरी गोष्ट बाईंनी ना मंदारला सांगितली होती ना वाणीला, आणि तीच त्यांना आतून पोखरत होती. विद्याधरपंत शाळामास्तर. बायको डोंगर तुडवते आणि आपण भाकरी भाजतो याची त्यांना कधी लाज वाटली नाही. उलट गावभर सांगत. लग्नापासून रोज सकाळी ते बाईंच्या हातचा चमचाभर मध खात. गेल्या वर्षी उपचाराला मुलाकडे चेन्नईत आले आणि इथल्याच दवाखान्यात खिळले. जाण्याच्या आदल्या सकाळी म्हणाले, "प्रमोदिनी, एक चमचा मध दे गं." गावचा संपला होता. बाई खाली गेल्या, दवाखान्याच्या दुकानातून बाटली आणली, कागद दिसू नये म्हणून वाटीत ओतली आणि भरवली. "गावचा का?" त्यांनी विचारलं. "हो. आपलाच. जांभळाचा," बाई म्हणाल्या. पंतांनी तो बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल."

दुसऱ्या दिवशी ते गेले. ते "असेल" मात्र गेलं नाही. वर्षभर रोज सकाळी चहाच्या आधी ते बाईंच्या कानात वाजत होतं. एकतीस वर्षं जगाला भेसळ ओळखायला शिकवली आणि मरणाऱ्या नवऱ्याच्या तोंडात पाक घातला, तोही खोटं बोलून. आता या श्राद्धाला तरी त्याच्या नावाने खरा मध पडला पाहिजे, नाहीतर आपण कसल्या मधवाल्या?

आणि मध होता कुठे? डोक्यावर!

वेळचेरीतली त्यांची इमारत सात मजली. महिनाभर तिथे एक भांडण पेटलं होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडत होते. कोणी म्हणे वरचे लोक हळदीचं पाणी टाकतात, कोणी म्हणे नवा साबण वाईट. असोसिएशनच्या सेक्रेटरी कृष्णवेणी मॅडम, बँकेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. त्यांनी लिफ्टमध्ये नोटीस लावली होती की गच्चीवर रंगीत काहीही सांडू नये.

शनिवारी वाणी मंदारचा शर्ट घेऊन आली. "पाहा अत्तै, पुन्हा! आतां मी जाऊन त्या सातव्या मजल्याच्या मामीस विचारतेच."

बाईंनी शर्ट हातात घेतला. ठिपक्यावर नख फिरवलं. नाकाशी नेला. आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.

"मामीला काही विचारू नकोस. हे माश्यांचं काम आहे. पोळ्यावरून उडाल्या की आधी हलक्या होतात. चल वर!"

गच्चीच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिच्या बाहेर झुकलेल्या स्लॅबखाली, रस्त्याच्या उलट्या बाजूला, जिथे कोणी कधी वाकून पाहत नाही तिथे ते लटकत होतं. आग्या मोहोळ. हात पसरले तरी मावणार नाही एवढं रुंद, माश्यांच्या अंगांनी काळंभोर, आणि त्यावरून मधूनच थरथर धावत जायची. गिंडीचं जंगल हाकेच्या अंतरावर. तिथला कडुनिंब आणि करंज नुकता फुलून गेलेला. पोळ्याचा वरचा कोपरा फुगलेला होता. तिथेच मध असतो. खाली पिल्लं.

"भरलंय गं!" बाई कुजबुजल्या. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "वाणी, दुकानं पालथी घातली आपण मूर्खासारखी. हे बघ. हा ह्या गावचा मध."

बेत त्यांनी जिना उतरता उतरताच पक्का केला. बुधवारी पहाटे, उजाडताना, माश्या अजून उडू लागलेल्या नसतात तेव्हा, थोडा धूर द्यायचा, वरचा कोपराच कापून घ्यायचा आणि पिल्लांच्या भागाला हात लावायचा नाही. माश्या तिथेच राहतात, आठ दिवसांत कोपरा पुन्हा बांधतात. शंभर वेळा केलेलं काम. गच्चीला मात्र रात्री कुलूप असायचं, पहाटे उघडायची तर किल्ली असोसिएशनकडे होती, आणि रविवारी असोसिएशनची मीटिंग होती.

आता इथे बाईंनी काय करायला हवं होतं? "छोटंसं पोळं आहे, बुधवारी सकाळी काढून देते" एवढंच म्हणून किल्ली घ्यायची. पण ज्याला एखादी गोष्ट येते त्याला ती कमी करून सांगता येत नाही, आणि बाईंना तर नाहीच नाही.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. वाणी तमिळ करून सांगत होती. सुरुवात बरी झाली. मग तिसऱ्या मजल्यावरचा एक जाडा गृहस्थ हसला आणि म्हणाला, माश्याच ना, पाण्याचा पाइप मारला की जातील. कशाला एवढा समारंभ?

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पाइप? ह्याला सांग वाणी, आग्या माशी म्हणजे घरची माशी नव्हे! आमच्या खोऱ्यात एकाने दगड मारला होता. बांधलेला बैल होता खाली. दावं तोडता आलं नाही त्याला. उभ्या उभ्या मेला."

"अत्तै, हें नका सांगूं."

"सांग! सगळं सांग. लग्नाची पंगत उठवली होती आग्याने, नवरदेव विहिरीत उतरून बसला. पाण्यात गेलात तरी वर घिरट्या घालतात, डोकं काढायची वाट बघतात. एकीने डंख मारला की त्या वासाने हजार येतात. म्हणून बुधवारी पहाटे सगळ्यांनी खिडक्या बंद ठेवायच्या. गच्चीवर कोणी नको, दिवा नको, अत्तर नको. पाइप मारतोय म्हणे!"

वाणीने सांगितलं. जाड्या गृहस्थाचं हसू मावळलं. कृष्णवेणी मॅडमनी आपल्या मांडीवरच्या चार वर्षांच्या नातीला, शरण्याला, जवळ ओढलं. मग त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, थँक यू मॅडम, बुधवारी तुम्हीच करा, किल्ली देते. बाई ताठ मानेने घरी आल्या. कशी जिरवली, असंच वाटत होतं त्यांना.

सोमवारी त्यांनी मच्छरदाणी फाडून डोक्यावरची जाळी शिवली. मंगळवारी दुपारी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत गेल्या. धुराचा डबा चेन्नईत विकत मिळेना, म्हणून एका पत्र्याच्या कारखान्यात कागदावर चित्र काढून दाखवलं. कारखानदाराने दोन तासांत हुबेहूब करून दिला. पुढे चोच, मागे भाता. बाईंनी भाता दाबून पाहिला, फस्सकन हवा आली. त्या खूश झाल्या. रिक्षात त्यांनी तो डबा मांडीवर धरला होता, आणि मनातल्या मनात नवऱ्याशी बोलत होत्या. परवा बघा, म्हणत होत्या.

इमारतीच्या फाटकात रिक्षा थांबली तेव्हा साडेचार वाजले होते. आधी त्यांना वास आला. डोळ्यांत घुसणारा, घसा धरणारा. मग पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

पार्किंगभर माश्या पडल्या होत्या. गाड्यांच्या टपांवर, तुळशीच्या कुंडीत, लिफ्टच्या दारात. काही अजून पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. दुसरा वॉचमन असता तर गप्प बसला असता, पण हा भला माणूस होता. त्याने हाताने फवारायची खूण करून दाखवली आणि वर बोट केलं. दुपारी कीटकवाले आले होते. दोन माणसं, पाठीला टाक्या.

बाईंनी धुराचा डबा खाली ठेवला.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं तर मंदार घरी. आज लवकर आलेला. चेहरा उजळलेला, हातात स्टीलचा डबा.

"आई, मिळाला! तुझा मध! वॉचमनने पडलेलं पोळं पिळलं, अर्ध्या बिल्डिंगने घेतला. मी आपला आधी बाजूला काढून ठेवायला सांगितला. आता तरी खूश?"

बाईंनी डबा पाहिला. सोनेरी, थोडा गढूळ, वर मेणाचा चुरा. कडुनिंबाचा कडवट सुगंध, अस्सल, आणि त्याच्या आत तो दुसरा वास.

"चाखलास?"

"नाही, तुझ्या आधी कसा—"

डबा त्यांनी हिसकावला आणि मोरीत उपडा केला. "अरे विष आहे ते! विष! इंजिनिअर झालास आणि एवढं कळू नये? विषाने मारलेलं पोळं पिळलंय त्याने! किती जणांनी नेला म्हणालास? अर्ध्या बिल्डिंगने?"

आणि मग ती साठी उलटलेली बाई अनवाणी जिन्याला लागली. लिफ्टची वाट बघायलाही थांबली नाही. प्रत्येक दार बडवलं. "हनी! पॉयझन! पॉयझन!" एवढे दोनच शब्द. मागून, नुकतीच ऑफिसातून आलेली वाणी धापा टाकत तमिळ करून सांगत होती. कोणी बाटली लगेच आणून दिली, कोणी वाद घातला, लोकल आहे, नॅचरल आहे, आमच्यासमोर पिळलाय. एकाने तर विचारलं, गरम करून घेतला तर? बाईंनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि त्याच्याच दारात, त्याच्याच कुंडीत ओतली. जाडा गृहस्थ निमूट दोन बाटल्या घेऊन बाहेर आला.

दुसऱ्या मजल्यावर कृष्णवेणी मॅडमच्या घराचं दार उघडंच होतं. शरण्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पुढ्यात दोसा, दोशावर पिवळा ओघळ, घास उचललेला. बाईंनी ताटलीच उडवली. ताटली भिंतीवर आपटली, पोर किंचाळून रडायला लागलं.

कृष्णवेणी मॅडम आतून धावत आल्या. वाणीने दोन वाक्यांत सांगितलं. मॅडमचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी नातीचं तोंड उघडून पाहिलं, बोटं पुसली, पुन्हा पाहिलं. काही गेलं नव्हतं पोटात. मग त्या खुर्चीत बसल्या.

आता बाईंचा राग उसळला. "कबूल केलं होतंत ना? बुधवार म्हणाला होतात! माझ्या माश्या मारल्यात. तीस-चाळीस हजार जीव मारलेत एका दुपारी, कोणाला काही करत नव्हत्या त्या! कपड्यांवर ठिपके पडले म्हणून? कोणी दिला तुम्हाला अधिकार? विचार वाणी, विचार हिला!"

वाणीने विचारलं. कृष्णवेणी मॅडमनी नातीला मांडीवर घेतलं. ओरडल्या नाहीत. त्या बोलत होत्या तशी वाणी एकेक वाक्य मराठीत सांगत होती, आणि हळूहळू तिचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणतात, दोन महिने झाले, पोळें मला ठाऊक होतें. मी कोणास सांगितलें नाहीं. घाबरतील म्हणून. नोटीस लाविली ती त्याचसाठीं, कीं लोकांनीं ठिपके रंगाचेच समजावे आणि कोणी तिकडे जाऊं नये... म्हणतात, मीही राहूं दिलें असतें. पण रविवारीं तुम्ही बैलाचें सांगितलें. मग रात्रभर मला फोन येत होते. सगळ्यांचे. लहान मुलें आहेत, गरोदर बाई आहे. म्हणतात, तुम्हीच सांगितलें ना, विहिरींत उतरलें तरि सोडत नाहींत म्हणून? त्यानंतर मी काय करायचें होतें?"

पोर हुंदके देत होतं. भिंतीवरून मधाचा ओघळ खाली येत होता.

आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी दारात उभ्या राहून बाईंना वळून निघावं लागलं. जिना चढताना त्यांचा राग कमी झाला नव्हता, उलट दुप्पट झाला होता. फक्त तो आता कोणाच्या अंगावर टाकायचा ते कळत नव्हतं. कोणी हसलं म्हणून बैल काढला. नवरदेव काढला. विहीर काढली. तोंड आवरलं असतं तर उद्या पहाटे चमचा नव्हे, तांब्याभर मध हातात असता आणि माश्या जागच्या जागी. घरी येऊन त्यांनी शिवलेली जाळी टराटरा फाडली. वाणी अडवायला गेली नाही.

बुधवारी सकाळी त्या गच्चीवर गेल्या. स्लॅबला पोळ्याचा पांढरा डाग राहिला होता. फवारा मारताना ज्या माश्या बाहेर रानात होत्या त्या परत आल्या होत्या, शेदोनशे, आणि त्या डागाला चिकटून बसल्या होत्या. राणी नव्हती, पिल्लं नव्हती. चार दिवस बसतील आणि संपतील, बाईंना माहीत होतं. खाली येऊन त्या वाणीला म्हणाल्या, "गूळ आण. चांगला आण. बिनरंगाचा."

गुरुवारी नऊच्या ठोक्याला वेंकोबा आले. हॉलमधलं फर्निचर भिंतीला सरकवलं होतं. मंदार उघड्या अंगाने, सोवळं नेसून पाटावर बसला. दर्भ, तीळ, भाताचे पिंड केळीच्या पानावर. वाटीत किसलेला गूळ. वेंकोबांनी वाटी पाहिली, बाईंकडे पाहिलं आणि मान डोलावली. बाई दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कृष्णवेणी मॅडमही आल्या होत्या, न बोलावता. कोपऱ्यात हात जोडून उभ्या होत्या.

विधी नीट चालला. मग वेंकोबांनी मंदारच्या हातात गूळ दिला आणि पिंडाकडे खूण केली. "घाला. आणि माझ्यामागें तीनदां म्हणा. मधु, मधु, मधु."

मंदारने तोंड उघडलं.

"म्हणू नकोस!"

सगळे दचकले. बाई पुढे आल्या होत्या. चेहरा लालबुंद.

"अम्मा, मंत्र आहे तो," वेंकोबा हलकेच म्हणाले. "गूळ असला तरि शब्द तोच. मधाच्याच जागीं तो. पितरांस पोंचतो."

"पोचत असेल. पण मी नाही म्हणू देणार. गुळाला मध म्हणून घालायचा नाही माझ्या घरात. एकदा घातलाय!"

"आई, काय बोलतेस?" मंदार म्हणाला. "कधी घातला?"

"दवाखान्यात. जायच्या आदल्या दिवशी. खाली दुकानातला पाक आणला मी, वाटीत ओतला आणि गावचा म्हणून भरवला. तोंडावर खोटं बोलले. आणि त्यांनी..." त्या मंदारकडे वळल्या. "त्यांना कळलं होतं, मंदार. चाळीस वर्षं माझ्या हातचा खाल्ला, त्यांना कळणार नाही? कळूनसुद्धा गिळला."

वेंकोबांनी पोथी मिटून मांडीवर ठेवली.

बाई पानासमोर खाली बसल्या. गुडघे दुखले, तरी बसल्या. मंदारच्या तळहातावरचा गूळ त्यांनी स्वतःच्या हाताने पिंडावर घातला. विधीत असं चालतं की नाही ते त्यांनी विचारलं नाही आणि वेंकोबांनीही सांगितलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, रागानेच म्हणाल्या, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात. "हा गूळ आहे. मध नाही मिळाला. मिळाला होता, घरावरच होता, माझ्या तोंडामुळे गेला. तेव्हा गूळच खा. आणि ह्या वेळी असेल म्हणायचं नाही. गूळ आहे म्हणजे गूळच आहे."